जिगसॉ पझल चांगलं कसं ओळखावं?

1760च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी यांनी लाकडी फळीवर नकाशा चिकटवून देशांच्या सीमांवरून कापला, तो मुलांना भूगोल शिकवण्यासाठी. आज पझल बहुधा पुठ्ठ्याचं असतं आणि त्याची प्रत तीन गोष्टींवर ठरते.

पहिली, पुठ्ठा. सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा, घट्ट पुठ्ठा चांगला. पातळ तुकडे वाकतात, कडेला कागद सुटतो. पृष्ठभाग चकचकीत असला तर दिव्याखाली डोळे दिपतात. किंचित खरबरीत, कापडी पोताचा कागद बरा.

दुसरी, कापणी. योग्य तुकडा बसला की लगेच कळलं पाहिजे. चुकीचा तुकडाही बेमालूम बसत असेल, तर कापणी सदोष समजावी. ‘रिबन कट’मध्ये तुकडे सरळ ओळींत, जवळपास सारख्या आकाराचे असतात, ‘रँडम कट’मध्ये आकार वेडेवाकडे असल्यामुळे आकारावरूनही शोध घेता येतो.

तिसरी, चित्र. छपाई सुस्पष्ट हवी. मजा मात्र चित्राच्या रचनेवर अवलंबून असते. दुकानांच्या पाट्या, फुलं, माणसं असं बारकाव्यांनी भरलेलं चित्र 1000 तुकड्यांचं असलं तरी हात चालत राहतो. निम्मं चित्र निरभ्र आकाशाचं असेल, तर 500 तुकडेही कंटाळा आणतात. ज्यांना आकारांशीच झुंजायचं आहे, त्यांना तेच आकाश आवडतं.

1000 तुकड्यांचं पझल साधारण 70 बाय 50 सेंटिमीटर जागा घेतं. घेण्यापूर्वी टेबल मोजावं.