मुळे वर का काढली?



आपल्या शाळेच्या मागच्या भिंतीवर आम्ही सातवीच्या मुलामुलींनी चुना, गेरू आणि निळीने मोठे चित्र काढले आहे. पालकसभेच्या दिवशी ते बघून बरेच जण हसले. एक काका तर गुरुजींना म्हणाले, "झाडाची मुळं जमिनीच्या वर कशी? पोरांचं चुकलंय, पुसून घ्या." मुळे काढायचे काम माझ्याकडे होते. म्हणून पुसायच्या आधी हे वाचावे, ही विनंती.

ते झाड आपल्याकडचे नाही, खाडीतले आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी मावशीकडे वेंगुर्ल्याला गेले होते. तिथे मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७ सालापासून लोकांना होडीतून कांदळवन, म्हणजे खारफुटीचे जंगल दाखवतात. वल्ही त्याच मारतात आणि माहितीही त्याच सांगतात. मी पाण्यात हात घातला तशी एक बाई ओरडली, "हात घालू नको गो, कुर्ली चावतली!" कुर्ली म्हणजे खेकडा.

खाडीच्या चिखलात हवा फार कमी असते. शिवाय दिवसातून दोनदा भरतीचे खारे पाणी चढते. आपला आंबा तिथे लावला तर गुदमरून मरेल. म्हणून तिवराची मुळे पेन्सिली रोवल्यासारखी चिखलातून वर येतात आणि श्वास घेतात. कांदळाची मुळे खोडापासून कमानीसारखी खाली उतरतात, त्यामुळे झाड लाटेत तग धरते. तिवर जास्तीचे मीठ पानांतून बाहेर टाकतो. मी पानाला जीभ लावून बघितली, खारट लागली. कांदळाची गंमत तर और आहे. त्याचे बी झाडावरच रुजते, शेवग्याच्या शेंगेसारखे लोंबते आणि ओहोटीला खाली पडले की चिखलात उभेच रुतते. चित्रातल्या शेंगा त्याच. पांढऱ्या फुलाची आहे ती चिप्पी. तिला महाराष्ट्राने २०२० साली राज्याचा कांदळवृक्ष ठरवले.

चित्रात सगळ्यात खाली रंगीत झुडपे दिसतात ना, ती झुडपे नव्हेत, पोवळी आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास समुद्रात ती असतात. (रंग आम्हीच भडक दिलेत. खरी बरीचशी तपकिरी असतात.) पोवळे हा प्राणी आहे. इवलेसे जीव चुन्याची घरे बांधत राहतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ असते, ते उन्हावर अन्न तयार करते. म्हणून पोवळ्याला नितळ पाणी लागते. खाडीतली मुळे गाळ अडवतात. झाडे तोडली तर तो गाळ समुद्रात जाऊन पोवळ्यांवर बसतो. समुद्र फार तापला की पोवळी आतले शेवाळ टाकून देतात आणि पांढरी पडतात. तशीच राहिली तर मरतात. मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, पण पोवळ्यावर नांगर पडला किंवा कुणी पाय दिला तर ते मोडतेच. म्हणून आमच्या चित्रातली होडी नांगर न टाकता तरंगत्या बोयाला बांधलेली आहे.

दूर पॅसिफिक महासागरात हवाई बेटे आहेत. तिथल्या लोकांच्या 'कुमुलिपो' नावाच्या जुन्या सृष्टीगीतात सर्वांत आधी पोवळे जन्माला येते, असे गुरुजींनी सांगितले. म्हणून आम्ही पोवळी पायाशी काढली.

आई म्हणाली, "हे सगळं कोकणातलं, आपल्याला काय त्याचं?" मलाही आधी तसेच वाटले. समुद्र आपल्या पश्चिमेला, घाट उतरला की आलाच. पण आपली वेदगंगा उलटी पूर्वेला जाते. ती दूधगंगेला मिळते, दूधगंगा कृष्णेला, आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. कृष्णेच्या मुखाशीही अशीच खारफुटीची जंगले आहेत! म्हणजे आपली नदीसुद्धा वर आलेल्या मुळांपाशीच संपते. डाव्या कोपऱ्यात नदीतून वाहणारी प्लॅस्टिकची पिशवी दिसते, ती आम्ही मुद्दाम काढलीय. वाटेत बंधारे आहेत, धरणे आहेत, अडकेलही कुठेतरी. पण पाण्याची वाट तीच.

चित्रात एक चूक मात्र खरंच आहे. खेकड्याला नांग्या धरून दहा पाय असतात, आम्ही आठच काढलेत. राहिलेले दोन शनिवारी काढणार आहोत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी