लाल लेप आणि दहा फेऱ्या

कोरफडीचा नुसता गर काढायचा नाही, पान सालीसकट घ्यायचं. कडेचे काटे तेवढे सुरीनं तासून टाकायचे. २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम चुना. मिक्सरमधून फिरवलं की पिवळं मिश्रण बघता बघता विटकरी लाल होतं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कुंकू करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गोठ्यात मात्र या लालीचा उपयोग परीक्षेसाठी होतो. रंग चढला नाही, तर डबीतला चुना हवा लागून मेलेला आहे असं समजायचं आणि ताजा आणायचा.

‘जनावरांची गावठी औषधं’ एवढा ऐसपैस विषय संपादकांनी हातात ठेवला होता. संगमनेर तालुक्यातल्या एका गोठ्यात हा लेप होताना पाहिला आणि मी तिथेच अडकलो. गोठ्यात दोन संकरित गायी आणि एक कालवड. धारा, चारा, शेण, डेअरीचं खातं, सगळं घरातल्या वहिनींकडे. एका गाईच्या मागच्या डाव्या सडाला ‘दगडी’ झाली होती. पशुवैद्यक तिला कासदाह म्हणतात. वहिनींनी आधी हाताची पालथी बाजू कासेला लावून ऊन किती आहे ते पाहिलं. मग त्या सडाच्या पहिल्या चार धारा काळ्या फडक्यावर घेतल्या. काळ्यावर पांढऱ्या गाठी लगेच दिसल्या. नंतर तो सड पूर्ण पिळून रिकामा केला, कास धुऊन पुसली, लेपाचा एक मूठभर गोळा पाण्यात सैल करून सगळ्या कासेला चोपडला आणि गाईपुढे चिरलेली लिंबं टाकली.

पुढच्या फेरीत हेच पुन्हा करायचं. सड पिळा, धुवा, चोपडा. दिवसातून आठ ते दहा वेळा, आणि असे पाच दिवस.

ही कृती आजीबाईच्या बटव्यातून थेट इथे आलेली नाही. तमिळनाडूतले पशुवैद्यक एन. पुण्यमूर्ती आणि बंगळूरच्या ट्रान्स-डिसिप्लिनरी विद्यापीठातले प्रा. बालकृष्णन नायर यांनी पशुपालकांकडची माहिती गोळा करून, पारखून, प्रमाणं बांधून अशा कृती मांडल्या. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं त्या दूधसंघांमार्फत गावोगाव पोचवल्या. परंपरा अर्थातच त्याहून कितीतरी जुनी. घोड्यांच्या वैद्यकाला शालिहोत्राचं नाव आहे, हत्तींच्या वैद्यकाला पालकाप्याचं. मुंबईत पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं ते १८८६ साली. तोवर आणि त्यानंतरही शेतकऱ्याच्या बैलाचा डॉक्टर म्हणजे गावातलाच कुणी जाणता. जखमेत अळ्या पडल्या तर सीताफळाचा पाला वाटून भरायचा, हगवणीला कुड्याची साल, जंतांना पळसपापडी, पोट फुगलं तर गोडंतेल. यातलं काही निव्वळ श्रद्धेवर चालत असेलही, पण तेलाचं कारण स्पष्ट आहे. कोवळा लसूणघास खाऊन पोटात फेस धरतो, तेलानं तो मोडतो आणि अडकलेला वायू सुटतो.

लाल लेपाचं कारण एवढं सरळ नाही. हळदीतलं कर्क्युमिन सूज उतरवतं, जिवाणूंनाही आवरतं. कोरफडीमुळे लेप ओलसर राहतो आणि कातडीला धरून बसतो. पण वरून लावलेलं औषध आत दुधाच्या ग्रंथींपर्यंत किती पोचतं, हा प्रश्न कुणीही पशुवैद्यक विचारणार, आणि तो रास्त आहे. गोठ्यात बसल्यावर माझं लक्ष मात्र लेपावरून त्याच्या आधीच्या कामावर गेलं. दर फेरीला सड पूर्ण रिकामा होतो. गाठी, जिवाणू आणि त्यांचं विष दुधाबरोबर बाहेर पडतं. कास दिवसातून दहा वेळा स्वच्छ होते आणि दहा वेळा कुणाचा तरी हात तिच्यावरून फिरतो. बिघाड वाढला तर तो दुपारीच कळतो, दुसऱ्या दिवशी डेअरीवर दूध परत आल्यावर नाही. कृतीतला निम्मा गुण या फेऱ्यांचा असावा, असं माझं मत झालं.

दुसरी बाजू सडात सोडायच्या ट्यूबची. प्रतिजैविक थेट आत जातं आणि काम दोन मिनिटांत उरकतं. त्यानंतर ठरावीक दिवस त्या गाईचं दूध विकायचं नसतं. वीस गाईवाला एकीचं दूध बाजूला ठेवू शकतो. दोन गाईवाल्याची निम्मी मिळकत थांबते. म्हणून ते दूध अनेकदा कॅनमध्ये जातं. अशा दुधाला विरजण नीट लागत नाही, हे घरातल्या बायकांना कुठल्याही प्रयोगशाळेआधी कळतं. औषधाला दाद न देणारे जिवाणू त्यातून घडत जातात, ते मात्र कुणाला दिसत नाहीत. लेपाचं खरं आकर्षण इथे आहे: दूध टाकावं लागत नाही, आणि पुढच्या खेपेला प्रतिजैविकाची धारही बोथट झालेली नसते.

इथवर कौतुक. अडचणींची यादी याहून लांब आहे.

पहिली अडचण निदानाची. कोलाय जिवाणूंमुळे आलेला सौम्य दाह पुष्कळदा आपोआप ओसरतो. श्रेय लेपाला मिळतं. उलट स्टॅफिलोकॉकस ऑरियस कासेत दडून बसतो, तो प्रतिजैविकांनाही सहज हटत नाही. दोन्हींत बाहेरून कास सारखीच सुजलेली दिसते. गाय तापानं फणफणली, तिनं चारा सोडला, दूध पाण्यासारखं झालं, तर लेप लावत बसण्यात सड जातो, कधी गायही जाते. ‘दोन दिवसांत उतार नाही पडला तर डॉक्टर’ असा वहिनींचा नियम आहे. तो नियम कृतीच्या कागदावर ठळक छापायला हवा. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत यांना लसच हवी. २०२२ साली लम्पी पसरला तेव्हा विड्याची पानं, मिरी, मीठ आणि गुळाचे गोळे कितीतरी गोठ्यांत चारले गेले. आजारी जनावराला त्यानं आधार मिळाला असेल, पण साथ अडवायचं काम लसीचं होतं.

दुसरी अडचण हाताची. बांबूच्या नळीनं तेल पाजताना जनावराची मान जास्त उचलली की तेल फुप्फुसात उतरतं आणि पोटफुगीतून वाचलेला बैल न्यूमोनियानं जातो. बिब्बा बेतानं लावला नाही तर कातडी भाजते. हे कागदावरून शिकता येत नाही, जाणत्याशेजारी उभं राहावं लागतं. आणि जाणत्यांची मुलं आता गावात नाहीत. बांधावर तणनाशक फवारलं जातं, त्यामुळे ज्या पाल्याचं नाव आजोबांना येतं तो दाखवायला बांधावर उरलेला नसतो. कोरफड तगली, कारण ती कुंडीत आली.

तिसरी अडचण मला सगळ्यांत मोठी वाटते. हे औषध स्वस्त आहे असं सगळेच सांगतात. कोरफड परसातली, हळद घरची, चुना पानवाल्याकडचा. हिशेबात फेऱ्या कुणी धरत नाही. एक फेरी पंधरा मिनिटांची धरली तरी दहा फेऱ्यांचे अडीच तास होतात, आणि ते पाच दिवस. एरवीच्या कामातलं काहीच कमी होत नाही. कांद्याची काढणी चालू असली तर फेऱ्या चारवर येतात, मग गुण येत नाही आणि नाव लेपाचं खराब होतं. मी वहिनींना विचारलं, ‘ट्यूब का नाही लावत?’ त्या म्हणाल्या, ‘लावते की. सुगीत ट्यूबच लावते.’ या उत्तरात तत्त्वाचा प्रश्नच नव्हता, होता तो फक्त वेळेचा.

डेअरीवर दुधाला भाव मिळतो तो फॅट आणि एसएनएफवर. औषधाचा अंश नसलेलं दूध आणि असलेलं दूध एकाच दरानं एकाच टाकीत जातं. पाच दिवस राबून जे दूध शुद्ध राखलं, त्याला लिटरमागे एक पैसाही जास्त मिळत नाही. मंडळाच्या पत्रकांनी कृती घरोघरी नेली, ते चांगलंच झालं. पण शुद्ध दुधाला वेगळा दर मिळाल्याशिवाय ही कृती सुगीत टिकणार नाही, आणि तो दर ठरवणं पशुवैद्यकांच्या नव्हे, दूधसंघांच्या हातात आहे.