संगणकावरील मदतीची पाने उघडत नसल्यास

शेतीविषयक योजनांचे बहुतेक अर्ज आता संगणकावरून अथवा मोबाइलवरून भरावे लागतात. अर्जातील एखादा रकाना समजला नाही, तर त्याचा खुलासा करणारी पाने तेथेच दिलेली असतात. कोठे त्यांस ‘मदत’ म्हणतात, तर कोठे ‘वापरकर्ता मार्गदर्शिका’. परंतु नेमकी गरज पडावी आणि तेव्हाच ही पाने उघडू नयेत, असा अनुभव कित्येक गावी येतो. मग केंद्रावरील माणूस ‘नेट नाही’ असे सांगून मोकळा होतो आणि सातबारा व पासबुक घेऊन दूरच्या वस्तीवरून आलेला शेतकरी परत जातो. अर्जाची मुदत एक-दोन दिवसांवर आलेली असेल, तर तो त्या हंगामापुरता योजनेलाच मुकण्याचा संभव असतो. वास्तविक दोष पुष्कळदा नेटचा नसतो, आणि तो कोठे आहे हे थोडक्या वेळात शोधून काढता येते.

पंपाने पाणी ओढले नाही म्हणून कोणी नवी विहीर खणावयास घेत नाही. वीज आहे काय, फुटव्हॉल्व्ह गळतो काय, विहिरीस पाणी आहे काय, हे क्रमाने पाहिले जाते. येथेही तोच क्रम ठेवावा. प्रथम त्याच ब्राउझरमध्ये दुसरे कोणतेही ओळखीचे संकेतस्थळ उघडून पाहावे. तेही उघडले नाही, तर दोष जोडणीचा समजावा. ते उघडले, तर नेट ठीक आहे. यानंतर न उघडणाऱ्या पानाचा पत्ता मोबाइलवर, मोबाइलच्याच नेटवर उघडून पाहावा. तेथे पान दिसले, तर दोष संगणकात किंवा केंद्राच्या जोडणीत आहे असे ठरते. तेथेही दिसले नाही, तर तो बहुधा पलीकडच्या बाजूस असतो आणि केंद्रावरील संगणकाशी झटापट करण्यात अर्थ नसतो.

पडद्यावर आलेला मजकूर न वाचताच पान बंद करण्याची सवय अनेकांस असते. ती सोडली पाहिजे, कारण दोष कोणाचा हे त्या मजकुरातच बहुधा सांगितलेले असते. ४०४ हा आकडा आला, तर त्या पत्त्यावर ते पान नाही असा अर्थ होतो. पान हलविले गेलेले असते किंवा पत्ता चुकलेला असतो. अशा वेळी संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावरून मार्गदर्शिका नव्याने शोधावी. ५०३ आला, तर पलीकडचा संगणक सध्या काम करण्यास असमर्थ आहे असे समजावे. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत गर्दीमुळे असे होऊ शकते. त्यावर केंद्रात बसून करण्यासारखे काही नाही. पहाटे किंवा रात्री उशिरा पुन्हा प्रयत्न करणे हेच श्रेयस्कर.

सुरक्षिततेचा इशारा येऊन पान अडले, तर सर्वांत आधी संगणकाची तारीख पाहावी. या कारणाकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ एक प्रमाणपत्र असते. बियाण्याच्या पिशवीवरील लेबलाप्रमाणे त्यावरही वैधतेची मुदत लिहिलेली असते. ब्राउझर ही मुदत संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळच काही वर्षे मागे गेलेले असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्यास अद्याप सुरू न झालेले वाटते आणि तो पान उघडण्याचे नाकारतो. बाकी सर्व ठीक असूनही एकामागून एक संकेतस्थळे अडू लागली, की घड्याळाचा संशय घ्यावा. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातील वेळेवर माऊसचे उजवे बटण दाबून तारीख, वेळ व वर्ष दुरुस्त करावे आणि भारताची प्रमाणवेळ निवडलेली आहे याची खात्री करावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारीख पुन्हा मागे गेलेली दिसली, तर संगणकातील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली आहे असे समजावे. संगणकाचा वीजपुरवठा बंद असताना घड्याळ याच बॅटरीवर चालते. ज्या केंद्रांत रात्री मुख्य बटणच बंद करतात किंवा वीज वारंवार जाते, तेथे तिच्यावर भार अधिक पडतो. बहुतेक डेस्कटॉप संगणकांत ती सीआर २०३२ या क्रमांकाची, ३ व्होल्टची असते. वीजजोडणी पूर्णपणे काढून ती बदलता येते. लॅपटॉप असल्यास मात्र जाणकाराकडून बदलून घ्यावी.

असा इशारा आला असता ‘तरीही पुढे जा’ हे बटण दाबून काम उरकण्याचा मोह होतो. तो टाळावा. घड्याळ बरोबर असूनही इशारा येत असेल, तर ते पान खरोखरच बनावट असण्याची शक्यता असते, आणि त्यावर शेतकऱ्याचा आधार क्रमांक किंवा बँक खात्याचा तपशील भरणे धोक्याचे आहे. तथापि प्रत्येक इशारा लबाडीचाच असतो असेही नव्हे. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा पुष्कळ जुन्या संगणकांवर व उपकरणांवर चांगली संकेतस्थळेही अडली. जुन्या सॉफ्टवेअरची ही अडचण ते अद्ययावत केल्यानेच दूर होते. इंटरनेट एक्सप्लोरर ११ या ब्राउझरचा आधार विंडोज १० च्या बहुतेक आवृत्त्यांवर १५ जून २०२२ रोजी थांबविण्यात आला. विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती ठरली. तेव्हा ‘पूर्वी तर उघडत होते’ हे म्हणणे खरे असूनही निरुपयोगी असते.

‘मदत’वर टिचकी मारूनही काहीच घडले नाही, तर ते पान नव्या खिडकीत उघडू पाहत होते आणि ब्राउझरने ती खिडकी अडविली, असा प्रकार असू शकतो. क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकास तशी लहानशी खूण दिसते. तिच्यावर टिचकी मारून केवळ त्या संकेतस्थळापुरती परवानगी द्यावी, सरसकट देऊ नये. कधी मार्गदर्शिका पीडीएफ स्वरूपात असून ती न उघडता उतरवून घेतली जाते. ‘डाऊनलोड्स’ या कप्प्यात पाहिले असता तिच्या पाच-सहा प्रती पडलेल्या आढळतात! खाजगी खिडकीत (क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट व एन या कळा एकदम दाबाव्या) पान नीट उघडले, तर ब्राउझरने साठविलेली जुनी माहिती किंवा त्यास जोडलेले एखादे पूरक सॉफ्टवेअर आड येत आहे असे जाणावे.

काही सॉफ्टवेअरची मदत संगणकातच साठविलेली असते. पत्त्याच्या आरंभी ‘फाईल’ हा इंग्रजी शब्द दिसला, तर ते पान संगणकातीलच होय व त्यास नेट लागत नाही. विंडोजवरील जुन्या सॉफ्टवेअरबरोबर ‘सीएचएम’ प्रकारची मदतफाईल येते. ती नेटवरून उतरविली असता डावीकडे अनुक्रमणिका दिसते, पण उजवीकडील पान कोरे राहते. फाईल बिघडलेली नसते. बाहेरून आलेली म्हणून विंडोजने ती रोखलेली असते. फाईल विश्वासू ठिकाणाहून आली असेल, तर तिच्यावर माऊसचे उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ निवडावे, ‘अनब्लॉक’ या चौकोनात खूण करावी व ‘ओके’ म्हणावे. सामायिक जोडणीवरील दुसऱ्या संगणकातून उघडत असल्यास ती प्रथम स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यावी.

इतके करूनही पान उघडले नाही, तर वरिष्ठ कार्यालयास किंवा मदतकक्षास कळविताना नुसते ‘साईट चालत नाही’ असे लिहू नये. पानाचा पूर्ण पत्ता, पडद्यावरील मजकूर जसाच्या तसा, दिनांक व वेळ, ब्राउझरचे नाव आणि मोबाइलवर पान उघडले किंवा नाही, एवढे लिहावे. पडद्याचे छायाचित्र जोडल्यास उत्तम. मात्र त्या छायाचित्रात शेतकऱ्याचा आधार क्रमांक येणार नाही, हे पाहावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ज्या योजनांचे अर्ज हंगामात भरावे लागतात, त्यांच्या मार्गदर्शिका मुदतीपूर्वीच उतरवून, छापील प्रत केंद्रात टांगून ठेवावी. नियम बदलले की ती प्रतही बदलावी लागेल, सबब तिच्यावर उतरविल्याची तारीख घालण्यास विसरू नये.