टाचणीचाही एक्स-रे

अमौसी विमानतळावरून कानपूर रोडने लखनौत शिरताना आलमबाग लागतं. तिथल्या शिंप्याकडे सूट टाकला की तो मापं घेतो, कच्चे टाके घालून ट्रायल देतो आणि खांदा ओढतोय म्हटलं की खडूची रेघ मारतो. याच लखनौचे शुभांशू शुक्ला 25 जून 2025 रोजी अंतराळात निघाले, तेव्हा अंगातला स्पेसएक्सचा सूटही त्यांच्याच मापाने बेतलेला होता. पण तो घालून यानाबाहेर पडता येत नाही. यानातली हवा गळालीच, तर जीव वाचवण्यापुरता तो. हे शहाणपण महागात पडलं आहे. 1971 मध्ये रशियन सोयूझ-11 यान परतताना हवा निघून गेली आणि सूट नसलेले तिघेही दगावले. पुढे सोकोल सूट आला. 1984 मध्ये राकेश शर्मा त्यातच गेले.

यानाबाहेर पडायचा किंवा परक्या भूमीवर चालायचा सूट म्हणजे माणसाच्या आकाराचं यानच. आत दाब भरला की तो फुगून ताठ होतो. 1965 मध्ये यानाबाहेर पडलेल्या अंतराळवीर लिओनोव्हना यानात परत शिरायला सूटमधला दाब सोडावा लागला. सगळ्यांत अवघड हातमोजे. मूठ वळणं म्हणजे दर वेळी फुगलेला चेंडू दाबणं, नखंसुद्धा निघतात.

चंद्रावर जाणाऱ्या अपोलो मोहिमांचे सूट अमेरिकेतल्या डेलावेअरच्या आयएलसी कंपनीत बायकांनी शिवले. काही जणी आधी ब्रा आणि कमरपट्टे शिवत. एकवीस थर, आणि टाका इंचाच्या बत्तिसाव्या भागापलीकडे हलता कामा नये. आत टाचणी राहिली नाही ना, हे एक्स-रे काढून बघत. चांद्रविजयाच्या कौतुकात या बायका फार मागे राहिल्या, असं मला वाटतं.

चाचणीही जिवावरची. डिसेंबर 1966 मध्ये ह्यूस्टनच्या निर्वात कक्षात सूटची चाचणी घेणाऱ्या जिम लब्लांक यांच्या सूटची नळी निसटली. शुद्ध हरपण्याआधी जिभेवरची लाळ उकळू लागल्याचं त्यांना जाणवलं. ते वाचले.

मंगळाचं गणित वेगळं. चंद्रावर थरांमधली पोकळी थर्मासचं काम करते. मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी, तरी तेवढ्यानेही ती युक्ती फसते. शिवाय चंद्रावरचा सूट तिथे दुपटीहून जड वाटेल.

आपल्याकडे विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने केलेला केशरी अंतराळ सूट 2018 मध्ये बंगळुरूत लोकांनी पाहिला. तोही यानात बसून घालायचा. भारतीय माणूस चंद्रावर उतरवायला 2040 साल ठरलं आहे. हातमोज्यांपासून सुरुवात करायची, तर उरलेली वर्षं फार नाहीत.