संगणक बदलला, पडद्यावरचे रंग बिघडले : इलाज काय?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली. विंडोज ११ अनेक जुन्या मशीनवर बसत नाही, म्हणून आमच्यासारखे कापडवाले जुने मशीन न टाकता लिनक्सकडे वळू पाहतात. हा मार्ग वाईट नाही. पण आम्हाला त्यात जो फटका बसला, तो वाचकांना बसू नये म्हणून हे लिहीत आहोत.

साडीच्या किनारीचे डिझाइन काढायचे आमचे जुने सॉफ्टवेअर विंडोजचे. लिनक्समध्ये 'वाइन' नावाच्या मोफत प्रोग्रामच्या आधारे ते सुरू झाले. मात्र लाल किनार जांभळी, पिवळी बुट्टी करडी दिसू लागली. कारागिराला वाटले फाइलच बिघडली. त्याने दिवसभर बसून रंग 'दुरुस्त' केले आणि फाइल साठवली. पुढे मागावर किनार भलतीच विणली गेली. माल परत आला आणि सणाची ऑर्डर हातची गेली.

चूक कोठे झाली? अशा डिझाइनमध्ये प्रत्येक ठिपक्यापाशी रंग नसतो, ० ते २५५ पैकी एक नंबर असतो. कोणत्या नंबरला कोणता रंग, याचा तक्ता वेगळा असतो. जॅकार्डला रंगाशी देणेघेणे नाही. कोणत्या नंबरला कोणती वीण, एवढेच तो पाहतो. आमचे नंबर शाबूत होते, फक्त तक्ता पडद्यावर नीट उमटत नव्हता. कारागिराने रंग बदलताना नंबरच बदलून टाकले.

म्हणून पहिला नियम : दुरुस्तीला हात लावण्याआधी तीच फाइल जुन्या मशीनवर उघडून पाहा. तिथे रंग बरोबर असतील तर फाइल ठीक आहे, दोष पडद्याचा आहे.

त्यानंतर लक्षणे पाहून इलाज करावा.

१) रंग उलटेसुलटे : जुने सॉफ्टवेअर २५६ रंगांचा पडदा मागते, नवा संगणक लाखो रंगांचा देतो. विंडोजमध्ये प्रोग्रामच्या 'कम्पॅटिबिलिटी' पानावर रंग कमी करण्याची सोय आहे. लिनक्सवर 'झेफिर' या प्रोग्रामने २५६ रंगांची वेगळी खिडकी उघडून त्यात सॉफ्टवेअर चालवून पाहावे.

२) खिडकी काळी किंवा चित्र फार संथ : बहुधा ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसलेला नसतो. 'जीएलएक्सइन्फो' ही आज्ञा देऊन पाहावी. उत्तरात 'एलएलव्हीएमपाइप' आले तर चित्राचे काम ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसर करीत आहे असे समजावे. सॉफ्टवेअर ३२ बिटांचे असेल तर ३२ बिटांच्या ग्राफिक्स लायब्ररीही लागू शकतात.

३) अक्षरे बारीक, बटणे कापलेली : वाइनच्या सेटिंगमध्ये 'ग्राफिक्स' पानावर डीपीआय ९६ असतो, तो थोडा थोडा वाढवून पाहावा. पूर्ण पडदा व्यापणारे सॉफ्टवेअर अडखळत असेल तर तिथेच 'व्हर्च्युअल डेस्कटॉप' चालू करावा.

४) मराठी नावांच्या जागी अगम्य इंग्रजी अक्षरे : जुने मराठी फाँट युनिकोडचे नसत. तोच फाँट नव्या मशीनवर बसवावा. मजकूर पुन्हा टाइप करू नये.

५) सॉफ्टवेअर सुरूच होत नाही : ते १६ बिटांचे असेल तर ६४ बिटांच्या विंडोजवर चालणार नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटांचेच आहे. तिथे पडद्याच्या सेटिंगशी झगडण्यात अर्थ नाही. डॉसचे सॉफ्टवेअर 'डॉसबॉक्स'मध्ये चालवून पाहावे.

एका वेळी एकच सेटिंग बदलावे आणि काय बदलले ते वहीत लिहून ठेवावे. चार बदल एकदम केले तर कोणता लागू पडला ते कळत नाही.

जुने मशीन लगेच भंगारात देऊ नये. नव्या मशीनवरून हातभर नमुना विणून, तो जुन्या कापडाशी ताडून पाहिल्यावरच ऑर्डरचा माल मागावर चढवावा. हातभर कापडाचा खर्च परत आलेल्या मालापेक्षा केव्हाही स्वस्त.