नेट गेलं तर डाव कोणाचा? : ऑनलाइन बुद्धिबळातली पंचगिरी



दिवाळीच्या सुट्टीत नांदेड आणि लातूरच्या काही मुलांचे मोबाईलवर बुद्धिबळाचे सामने लावले होते. पंच मीच. एका डावात नांदेडचा मुलगा जिंकत आला होता. तेवढ्यात लातूरच्या मुलीकडची लाईट गेली, वायफाय बंद पडलं आणि तिची वेळ संपली. फोनवर रडतच म्हणाली, "सर, मी हरले नाही, नेट गेलं!" मला दया आली. मी डाव पहिल्यापासून पुन्हा लावला. त्यात ती जिंकली. मग त्या मुलाने विचारलं, "सर, माझं काय चुकलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुम्हीही सुट्टीत असे सामने घेत असाल, म्हणून हे जरा नीट समजून घेऊ.

समोरासमोर खेळताना पंचाकडे येणारी भांडणं ठरलेली असतात. मोहऱ्याला हात लावला की नाही? चुकीची खेळी झाली का? ऑनलाइन खेळात यातलं बरंचसं उरत नाही, कारण चुकीची खेळी ॲप होऊच देत नाही. पण दोन नवे वाद उभे राहतात.

पहिला वाद नियम कोणाचा, हा. समजा तुमची वेळ संपली. तुमच्याकडे राजा आणि एक प्यादं आहे, समोरच्याकडे राजा आणि एकच घोडा. जागतिक बुद्धिबळ महासंघाचा, म्हणजे फिडेचा नियम असा की कोणत्याही वैध खेळ्यांनी मात होणं शक्य असेल तर वेळ संपलेला खेळाडू हरतो. लिचेसवर अशा वेळी तुम्ही हराल, पण चेस डॉट कॉमवर तोच डाव बरोबरीत सुटेल. म्हणून कोणत्या ॲपवर खेळायचं आणि त्याचाच निकाल अंतिम मानायचा, हे आधीच सांगून ठेवावं लागतं.

दुसरा वाद नेटचा. हा मोठ्यांच्या स्पर्धेतही झाला आहे. कोरोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, फिडेने ऑलिंपियाड ऑनलाइन घेतलं. भारताचा कर्णधार होता आपल्या नाशिकचा विदित गुजराथी. उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या हाइक मार्तिरोस्यानचं कनेक्शन निहाल सरीनविरुद्धच्या डावात तुटलं आणि तो डाव गेला. आर्मेनियाने दाद मागितली. ती फेटाळली गेली आणि तो संघ पुढची फेरी न खेळताच बाहेर पडला.

मग ३० ऑगस्टला रशियाविरुद्ध अंतिम सामना. पहिली फेरी ३-३. दुसऱ्या फेरीत जगभरच इंटरनेटचा मोठा बिघाड झाला. तोच निहाल आणि नागपूरची दिव्या देशमुख, दोघांचं कनेक्शन गेलं आणि वेळ संपून दोघेही हरले. दिव्या तेव्हा १४ वर्षांची होती. भारताने दाद मागितली. अपील समितीचं एकमत झालं नाही. शेवटी फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही देशांना सुवर्णपदक दिलं.

आर्मेनियाला एक न्याय आणि भारताला दुसरा, असं वाटतं ना? फरक कारणात आहे. एका खेळाडूचं नेट गेलं तर ती त्याची जबाबदारी धरली जाते. जगभरचा बिघाड मात्र कोणत्याच खेळाडूच्या हातात नसतो. तरीही आर्मेनियाच्या मनात काय आलं असेल, हा विचार मुलांना जरूर करायला लावा.

मुलं विचारतात, नेट गेल्यावर घड्याळ का थांबवत नाहीत? कारण नेट खरंच गेलं की हरताना कुणी मुद्दाम बंद केलं, हे लांब बसलेल्या पंचाला कळत नाही. घड्याळ थांबलं तर फुकटचा विचार करायला वेळ मिळतो, कुणाला विचारूनही घेता येतं.

पण आपल्याकडची लाईट काही मुलांच्या हातात नसते. म्हणून सवलत हवीच, फक्त ती खेळ सुरू होण्याआधी ठरलेली हवी. आता मी हे नियम पहिल्याच दिवशी पालकांना पाठवतो :

१. नेट आणि चार्जिंग ही खेळाडूची जबाबदारी. घड्याळ थांबणार नाही. वेळ संपण्याआधी परत आलात तर डाव चालू.
२. ॲपच बंद पडलं तर डाव पुन्हा.
३. लाईट गेली आणि घरच्या मोठ्या माणसाने पाच मिनिटांत फोन केला, तर लाईट आल्यावर डाव त्याच स्थितीतून, उरलेल्या वेळेसह, पटावर मांडून व्हिडिओ कॉलवर खेळायचा. सवलत स्पर्धेत एकदाच.
४. हरकत दहा मिनिटांत नोंदवायची. निर्णय देणाऱ्या शिक्षकाचा विद्यार्थी त्या डावात नसावा.

तिसरा नियम पुन्हा वाचा. "त्याच स्थितीतून" हे शब्द महत्त्वाचे. मुलीला संधी मिळते आणि मुलाने मिळवलेलं हिरावलं जात नाही. मी दया दाखवली ती त्या मुलाच्या खिशातून.

त्या मुलाला नंतर मी फोन केला. म्हटलं, "बाळा, तुझं काहीच चुकलं नव्हतं. माझं चुकलं." तो म्हणाला, "बरं सर. पुढच्या वेळी नियम आधी सांगा."