शिखर समोर, तरी माघारी

कळसूबाईवर बर्फ पडत नाही, पण एप्रिल-मेच्या दुपारी गारा पडू शकतात. अकोले तालुक्यातल्या बारीहून निघताना आभाळ स्वच्छ असतं. मग ऊन तापतं, दमट हवा झपाट्याने वर चढते आणि ढगांचे मनोरे उभे राहतात. उंचीबरोबर तापमान किलोमीटरमागे सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणून ऐन उन्हाळ्यातही साधारण पाच किलोमीटरच्या वर पाणी गोठवणारी थंडी असते. गारा तिथे तयार होतात.

एखादी मोठी गार मधोमध फोडून पाहा. कांद्यासारखे पापुद्रे दिसतील. पाणी झटकन गोठलं की हवेचे बुडबुडे आत अडकतात, थर दुधाळ होतो; सावकाश गोठलं की काचेसारखा. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर अशाच गारांनी उभी पिकं झोडपली.

डोंगरावर मात्र खरी भीती विजेची. १,६४६ मीटरचं, राज्यातलं हे सर्वात उंच टोक, आणि वाटेत लोखंडी शिड्या. लोखंड वीज ओढून घेत नाही. पण जवळ पडलेल्या विजेचा प्रवाह त्यातून सहज धावतो आणि कठडा धरलेल्या हातात उतरतो. पायऱ्यांवरच्या गारा गोट्यांसारख्या पायाखालून निसटतात, ते वेगळंच.

त्यामुळे शेवटच्या शिडीशी गडगडाट ऐकू आला, तर शिखरावरच्या देवीला तिथूनच हात जोडा आणि वळा. एकाच झाडाखाली दाटी करू नका, अंतर ठेवून उतरा. शेवटच्या गडगडाटानंतर निदान अर्धा तास पुन्हा वर चढू नका.